वारा जरा आडवा आहे

रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमाराला आमच्या गावाबाहेरच्या एअरफील्डवर गेलात तर तीन गोष्टी हमखास दिसतील. धावपट्टीच्या कडेला चरणारी कांगारू, वाऱ्याची दिशा दाखवायला खांबावर लोंबणारा विंडसॉक आणि कमरेवर हात ठेवून त्या विंडसॉककडे बघत उभा असलेला एक म्हातारा. उन्हं वर आली की कांगारू झाडीत जातात. वारा सुटला की विंडसॉक फुगतो. म्हातारा संध्याकाळपर्यंत तिथंच असतो.

तो वैमानिक आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण बघून तसं वाटत नाही. ग्रीसचे डाग पडलेला निळा शर्ट, गुडघ्याच्या बऱ्याच वर संपणारी चड्डी, पायात बिनबंदांचे बूट, डोक्यावर विटलेली रुंद कडांची हॅट. खिशात पेन असावं तिथे प्लॅस्टिकची एक पारदर्शक नळी. वय चौऱ्याहत्तर. आपल्या रिवाजानं त्याला अहोजाहो करायला हवं. पण ज्या माणसानं पहिल्या भेटीत नाव न विचारताच मला ‘मेट’ करून टाकलं आणि तीन वर्षं झाली तरी नाव विचारलेलं नाही, त्याला ‘ते’ म्हटलं तर तो मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघेल.

आपल्याकडे गावाच्या वेशीवर मारुती असतो तसा ऑस्ट्रेलियातल्या प्रत्येक छोट्या एअरफील्डवर असा एक म्हातारा असतो. यारावोंगाला तो मला चष्म्यात दिसला, टेमोराला पांढऱ्या दाढीत दिसला, तिकडे क्वीन्सलंडात कॅबूल्चरला तर बुटांऐवजी रबरी चपला घालून उभा होता. कुणी निवृत्त प्लंबर असतो, कुणी गव्हाचा शेतकरी, कुणी दातांचा डॉक्टर. आमचा म्हातारा चाळीस वर्षं शेतावरचे पंप दुरुस्त करत होता. पण विंडसॉककडे बघायला लागले की सगळे एकाच आईची लेकरं वाटतात.

एअरफील्ड म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर विमानतळ आला असेल तर तो आधी पुसून टाका. मेलबर्नहून उत्तरेला गाडीनं तीनेक तास गेलं, की मरे नदीच्या अलीकडे गव्हाची आणि कनोलाची शेतं लागतात. त्या शेतांमधून गेलेली एक डांबरी पट्टी, पत्र्याची नऊ हँगरं, लोकांनी घरातून काढलेल्या सोफ्यांनी सजलेलं क्लबहाउस, आणि एक संडास, ज्यात जाण्यापूर्वी झाकण उचलून बेडूक बघायचा. ऑस्ट्रेलियात अशा कितीतरी पट्ट्या दुसऱ्या महायुद्धात पोरांना टायगर मॉथ विमानांवर उडायला शिकवण्यासाठी आखल्या गेल्या. टेमोराची शाळा 1941 ची, नॅरोमाइनलाही तशीच एक होती. युद्ध संपलं, हवाई दल निघून गेलं, पट्ट्या तिथंच राहिल्या. पुढे सरकारनं त्यातल्या बऱ्याचशा गावोगावच्या कौन्सिलांच्या गळ्यात बांधल्या. आता त्यांच्यावर कांगारू, गलाह पोपट आणि निवृत्त माणसं असतात. फाटकाला आकड्यांचं कुलूप असतं. पुष्कळ ठिकाणी ते आकडे म्हणजे त्या एअरफील्डची रेडिओ फ्रिक्वेन्सीच असते, आणि हे गुपित देशातल्या यच्चयावत वैमानिकांना ठाऊक आहे. तरीही आमचा म्हातारा कुलूप उघडताना अंगाचा आडोसा करतो.

त्याचं विमान जॅबिरू. पांढरं, फायबरचं, दोन माणसांचं, पंख डोक्यावर. बंडाबर्ग नावाच्या गावात बनलेलं. हे बंडाबर्ग साखरेचं आणि रमचं गाव, पण म्हाताऱ्याच्या हिशेबी ते बर्ट हिंकलरचं गाव. या हिंकलरनं 1928 साली एवढ्याशा एव्हरो एव्हियन विमानात एकट्यानं बसून साडेपंधरा दिवसांत इंग्लंडहून डार्विन गाठलं होतं. म्हातारा हिंकलरबद्दल असं बोलतो, की मागच्या गल्लीतला चुलतभाऊ वाटावा. जॅबिरू हे मुळात करकोच्याचं नाव. काळ्या मानेचा हा उंच करकोचा आपल्याकडेही आहे. मी हे त्याला सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “मग तुमच्याकडेही जॅबिरू आहेत तर,” तो म्हणाला. “कुठलं इंजिन?”

आता दिनक्रम. सात वाजता हँगरची दारं सरकतात. विमानावरची कापडी आवरणं निघतात, पण एकदम नाही. प्रत्येक घडी उलटून बघायची, कारण आत लाल पाठीची कोळीण बसलेली असू शकते. मग चिखलमाशी. आपल्याकडे कुंभारीण भिंतीवर मातीचं घर करते तशी इथली माशी विमानाच्या पिटो नळीत करते. वेग मोजायला जी हवा लागते ती या बोटभर नळीतून आत जाते. तिच्यात माशीनं संसार थाटला तर विमान आकाशात आणि वेगाचा काटा शून्यावर. म्हणून नळीला लाल फितीची टोपी. टोपी काढायची, आत बघायचं, फुंकायचं मात्र नाही. मी एकदा फुंकायला वाकलो तेव्हा म्हाताऱ्यानं, देव्हाऱ्यातल्या समईवर कुणी फुंकर घालावी तसं माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतर खिशातली ती नळी. पंखातल्या टाकीखालच्या झडपेतून दोन घोट पेट्रोल तिच्यात घ्यायचं, पाणी तळाला बसलंय का बघायचं. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. म्हातारा ते उजेडात धरून एक डोळा मिटतो, वास घेतो, हलवतो, पुन्हा धरतो. दोन टाक्या, दोन नमुने. मग तो पंखा हातानं सावकाश फिरवतो आणि चारही सिलिंडरांचा दाब कान देऊन ऐकतो. वैद्यानं नाडी बघावी तसं. अशा वेळी बोललेलं चालत नाही.

शेजारच्या हँगरातल्या माणसाकडे रोटॅक्स इंजिन आहे. ऑस्ट्रियात बनणारं हे इंजिन तेल तपासण्याआधी ढेकर देतं. म्हणजे पंखा हातानं फिरवत राहायचं, बराच वेळ, तेलाच्या टाकीतून ‘गुडूक’ असा आवाज येईपर्यंत. मगच तेलाची पातळी खरी. बजाज स्कूटर तिरकी करून मग किक मारणाऱ्या पिढीत मी वाढलो, त्यामुळे मला यात काही गैर वाटत नाही. पण आमचा म्हातारा जॅबिरूपंथी. शेजाऱ्याचं गुडूक ऐकू आलं की तो डोळे मिटून मान हलवतो. हवेवर थंड होणारं, थेट पंख्याला जोडलेलं, ऑस्ट्रेलियात जन्मलेलं इंजिन ते खरं इंजिन. मध्ये गिअर आणि वर पाणी घातलेलं ते यंत्र. शेजारी म्हणतो, माझं यंत्र निदान तुझ्यापेक्षा जास्त उडतं. त्यावर म्हाताऱ्याकडे उत्तर नाही, कारण ते खरं आहे. पण शेजाऱ्याचं यंत्र तरी उडतं. तिसऱ्या हँगरातले दंतवैद्य स्वतःच्या हातानं विमान बांधतायत आणि विचारलं की गेली काही वर्षं एकच उत्तर देतात, नव्वद टक्के झालं, आता फक्त नव्वद टक्के राहिलं.

साडेनऊला म्हातारा फोन काढतो. मोठ्या गावांच्या विमानतळांवर हवामानाचं यंत्र असतं. ठराविक नंबर फिरवला की यंत्रातला आवाज वाऱ्याची दिशा, वेग, तापमान, दाब वाचून दाखवतो. म्हातारा तो तीनदा ऐकतो आणि मधूनमधून “हं, हं” म्हणतो. मग बाहेर येऊन विंडसॉक बघतो. आमची पट्टी 17-35, म्हणजे उत्तर-दक्षिण. एका टोकाला होकायंत्राचे 170 अंश, दुसऱ्याला 350, शेवटचं शून्य झटकून टाकायचं. आणि वारा? तो साडेसहाला शांत होता. आठला शांत होता. साडेनऊपर्यंत उन्हानं जमीन तापवलीय, पश्चिमेकडून वारा सुटलाय आणि विंडसॉक पट्टीशी काटकोन करून उभा आहे.

“वारा जरा आडवा आहे,” म्हातारा म्हणतो, आणि किटली लावायला क्लबहाउसकडे जातो.

हा निराश होण्याचा क्षण असतो असं मला पहिले काही महिने वाटत होतं. तसं ते नाही. हा त्याच्या दिवसाचा मध्यबिंदू असतो. यापुढे चहा. चहासोबत बिस्किटं, त्यांचे पैसे काचेच्या बरणीत आपले आपण टाकायचे. आणि गोष्टी.

गोष्टींना एक ठरलेला नायक असतो. त्याचं नाव ‘एक जण’. एक जण होता, तो पिटो नळीची टोपी न काढताच उडाला. एक जण होता, त्यानं टाकी भरली पण झाकण पंखावर विसरला. एक जण होता, त्यानं विमान हँगरातून ओढायचा दांडा पुढच्या चाकाला तसाच ठेवून इंजिन चालू केलं. क्लबहाउसच्या भिंतीवर एक मोडका लाकडी पंखा टांगलेला आहे, मधोमध घड्याळ बसवलेला. असा पंखा जवळजवळ प्रत्येक क्लबात असतो. हा कुणाचा, असं मी विचारलं तेव्हा म्हातारा बिस्किट चहात बुडवून म्हणाला, “एक जण होता.” त्याच्या हँगरच्या कोपऱ्यात, रिकाम्या डब्यांच्या मागे, मी एक वाकलेला दांडा बघितलेला आहे. मी काही बोललो नाही. काही गोष्टी नायकाचं नाव न कळण्यातच चांगल्या असतात.

जुन्या काळाबद्दल मात्र तो प्रथमपुरुषी बोलतो. ऑस्ट्रेलियात 1976 साली सरकारनं पहिल्यांदा अशा बारक्या विमानांना परवानगी दिली, ती या अटीवर, की जमिनीपासून 300 फुटांच्या वर जायचं नाही आणि सार्वजनिक रस्ता ओलांडायचा नाही. म्हणजे विमान मेलं तर चालेल पण मोटारवाल्याला त्रास नको. इंजिन बंद पडलं तर 300 फुटांवरून विचार करायलाही वेळ मिळत नाही, हे ज्याला कळत होतं तो माणूस त्या कचेरीत नसावा. म्हातारा शपथेवर सांगतो, की आम्ही रस्ता आला की या बाजूला उतरायचो, विमान ढकलत डांबर पार करायचो आणि पलीकडून पुन्हा उडायचो. मला हे पटत नाही. पण तो सांगतो तेव्हा ट्रकवाल्यानं मारलेला हॉर्नसुद्धा ऐकू येतो.

त्या मंडळींनी 1983 मध्ये आपली संघटना काढली, तीच पुढे रिक्रिएशनल एव्हिएशन ऑस्ट्रेलिया झाली. आता 300 फुटांची अट गेली. किमान 20 तास शिकून, त्यातले 5 एकट्यानं उडून, तुम्हाला उडता येतं. मिळतं ते लायसन्स नाही, सर्टिफिकेट; हा फरक म्हातारा दर रविवारी समजावतो. तब्येतीची अट सोपी, मोटार चालवण्याइतकी धडधाकट हवी. म्हाताऱ्याची मोटार चालवण्याची पद्धत मी पाहिली आहे. विमानात तो अधिक सुरक्षित आहे.

विमान-वाहतुकीचं सरकारी खातं, कासा, हा त्याच्या बोलण्यातला दुसरा कायमचा विषय. आपल्याकडे इन्कम टॅक्स, नगरपालिका आणि सुनेचं माहेर या तिघांना मिळून जेवढं बोललं जातं तेवढं तो एकट्या कासाला बोलतो. गंमत म्हणजे नियम त्याला तोंडपाठ, आणि मोडायचा म्हटलं तर हात थरथरतो. त्याचा खरा राग उतरण्याच्या फीवर. काही विमानतळांवर रेडिओवरचं बोलणं ध्वनिमुद्रित होतं आणि त्यात तुमच्या विमानाचा नंबर सापडला, की महिन्याभरानं घरी बिल येतं. अशा गावी उतरताना म्हाताऱ्याचा आवाज, उधारी असलेल्या वाण्याच्या दुकानावरून जाणाऱ्या माणसासारखा खाली येतो. बोलतो मात्र सगळं. नियम म्हणजे नियम.

मागच्या वर्षी त्याच्या लॉगबुकात 18 तास जमा झाले. त्यासाठी तो जमिनीवर किती तास होता याचा मी एकदा हिशेब केला. आकडा 500 च्या आसपास आला तेव्हा वही मिटली. मी स्वतः शिकायला लागून तीन वर्षं झाली आणि माझे 11 तास झालेत. का, ते वाचकांच्या लक्षात आलंच असेल. मला चहा आवडतो.

*

मागच्या सप्टेंबरात माझे वडील इचलकरंजीहून आले. अप्पांनी चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली, मेकॅनिक म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. मेलबर्न दाखवून झालं, समुद्र दाखवून झाला. अप्पा प्रत्येक ठिकाणी “ब्येस हाय” म्हणायचे आणि गाडीत बसून राहायचे. शेवटी एका रविवारी मी त्यांना एअरफील्डवर नेलं.

फाटकातून आत येताना मॅगपाय पक्ष्यानं त्यांच्या टोपीवर झडप घातली. इथं वसंतात ते असंच करतात. अप्पांनी टोपी सारखी केली, हँगरांकडे बघितलं आणि म्हणाले, “डेपो हाय जनू.”

म्हातारा जॅबिरूच्या नाकात डोकं घालून उभा होता. अप्पा जाऊन दुसऱ्या बाजूनं वाकले. ओळख करून द्यायची राहूनच गेली. अप्पांनी एका नळीवर बोट ठेवलं, भुवया वर केल्या. म्हाताऱ्यानं अंगठा आणि तर्जनीनं काहीतरी पिळल्याची खूण केली. अप्पांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि उलट बाजूला पिळल्याची खूण केली. म्हातारा विचारात पडला. त्यानं पाना दिला. मी तिथं उभा होतो, दोन्ही भाषा येणारा एकटाच, आणि माझी कुणालाच गरज नव्हती.

तासाभरानं अप्पा हात पुसत बाहेर आले. “माणूस बरा हाय,” ते म्हणाले. “पर एवढं पुसून ह्याला जायचंय कुठं?”

“कुठं नाही, अप्पा. असंच वर जायचं, फिरायचं, खाली यायचं.”

“आन् शीट किती?”

“दोन.”

“मंजी पाशिंजर एकच.” अप्पांनी विमानाकडे पुन्हा बघितलं. “तोट्यातली फेरी.”

त्या दिवशीही वारा आडवा झाला. आम्ही चहा प्यालो. म्हाताऱ्यानं ‘एक जण’च्या चार गोष्टी सांगितल्या, मी भाषांतर केलं. त्यावर अप्पांनी ब्रेक ऑइल न बघता आंबोली घाटात गाडी घातलेल्या एका ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. “कोण होता तो?” म्हाताऱ्यानं विचारलं. मी विचारून सांगितलं, “एक जण होता.” म्हातारा इतका खूश झाला, की त्यानं स्वतः उठून अप्पांना दुसरा चहा ओतला.

साडेतीनला विंडसॉक थोडा खाली आला आणि थोडा पट्टीच्या रेषेत आला. म्हातारा उठला. बाहेर जाऊन बघून आला, परत जाऊन बघून आला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुझ्या बाबांचं वजन किती?”

मी अप्पांना विचारलं. अप्पांना राग आला. माणसाचं वजन विचारतात का कधी? एसटीत पंचावन्नच्या जागी ऐंशी माणसं भरून कागलचा चढ चढवलेल्या गाड्या त्यांनी सांभाळल्या होत्या. पण म्हातारा कागद-पेन्सिल घेऊन बसला होता. विमान रिकामं तीनशेच्या पुढे, तो स्वतः ब्याण्णव, अप्पा अडुसष्ट, पेट्रोल अमुक लिटर, एकूण 600 किलोंच्या आत. बेरीज खुशाल आत बसत होती. तरीही अप्पांच्या हातातली पिशवी त्यानं काट्याला लावून बघितली. आत चितळ्यांची बाकरवडी होती. “अर्धा किलो,” म्हाताऱ्यानं लिहून घेतलं.

विमानात बसल्यावर अप्पांनी समोर चिकटवलेल्या मजकुरावर बोट ठेवून मला विचारलं, “काय लिवलंय?” हे विमान नेहमीच्या प्रवासी विमानांच्या दर्जात बसत नाही, बसायचं ते आपापल्या जबाबदारीवर, अशा अर्थाची ती सूचना होती. मी म्हटलं, “धूम्रपान करू नये.”

पट्टीवर कांगारू आली होती. दंतवैद्यांनी यूट गाडी घेऊन हॉर्न वाजवत ती हाकलली. जॅबिरू टोकाला गेलं. माझ्या हातात छोटा रेडिओ होता. म्हाताऱ्याचा आवाज आला, आणि तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. गोष्टी सांगणारा लांबण लावणारा आवाज नव्हे. मोजका, सपाट, तासून काढलेला. गावाचं नाव, ट्रॅफिक, जॅबिरू आणि नंबर, पट्टी थ्री फाइव्हवरून उड्डाण, पुन्हा गावाचं नाव. गावाचं नाव दोनदा घ्यायचं, कारण 126.7 या एकाच फ्रिक्वेन्सीवर कितीतरी एअरफील्डं बोलत असतात. सुरुवातीला ज्याचं लक्ष नव्हतं त्याला शेवटी तरी कळावं. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर याच कारणासाठी “कोल्हापूर-इचलकरंजी” दोनदा ओरडतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मग ते उडाले. ऐंशी-पंच्याऐंशी घोड्यांचं इंजिन दोन म्हाताऱ्यांना उचलून उत्तरेला, नदीकडे घेऊन गेलं. आवाज बारीक झाला, ठिपका राहिला, ठिपकाही गेला. मी विंडसॉककडे बघत उभा राहिलो. थोड्या वेळानं लक्षात आलं, की माझे हात कमरेवर आहेत.

पस्तीस मिनिटांनी ते परत आले. चाकं टेकली, जरा उसळली, पुन्हा टेकली. अप्पा उतरले, पाय मोकळे केले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मीच विचारलं.

“पिवळंधम्मक हाय सगळं,” ते म्हणाले. “मोहरी म्हन.”

“कनोला, अप्पा. मोहरीच्याच भाऊबंदातली.”

“आन् नदी लई वाकडी. सापासारखी.” थांबून म्हणाले, “खाली एवढा बोलतो मानूस. वर गेल्यावर एक शब्द न्हाई बघ. नुसता हात करून दावायचा. हे बघ, ते बघ. एकदा माझ्या हातात दिलं.”

“काय दिलं?”

“दांडी. मधली. चालीव म्हनला.”

“मग?”

“मग काय. चालीवलं.” चौतीस वर्षं अप्पांनी लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या. डेपोच्या आवारात पुढे-मागे करण्यापलीकडे त्यांनी कुठलीच गाडी कधी चालवली नाही, मोठ्या रस्त्यावर तर नाहीच. हे मला माहीत होतं. मी पुढे काही विचारलं नाही.

मग पुन्हा सगळं उलट्या क्रमानं. पंखांच्या कडांवर मेलेले किडे ओल्या फडक्यानं पुसायचे. ते एका बाजूनं म्हाताऱ्यानं पुसले, दुसऱ्या बाजूनं अप्पांनी. नळीला टोपी, पंखाला आवरण, चाकांना अडणी. लॉगबुकात 0.6 लिहिलं गेलं. हँगरची दारं सरकली, कडी लागली. आणि बाहेर येऊन बघतो तर विंडसॉक खांबाला बिलगून पडला होता. पान हलत नव्हतं. आभाळ धुतल्यासारखं.

म्हाताऱ्यानं किल्ल्या तळहातावर तोलल्या. दिवसाच्या उड्डाणाला अंधार व्हायच्या दहा मिनिटं आधी जमिनीवर असावं लागतं. तो ओठ हलवून हिशेब करत होता. मग त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या.

“काय म्हनतोय?” अप्पांनी विचारलं.

“वारा पडलाय म्हणतोय.”

“आता?” अप्पांनी विंडसॉककडे बघितलं. कमरेवर हात ठेवले. दोघं शेजारी शेजारी उभे होते, एक चड्डीत, एक धोतरात. बऱ्याच वेळानं म्हातारा चहाच्या दिशेनं वळला आणि अप्पाही वळले.

पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला मागच्या अंगणात खुडबुड ऐकून मी उठलो. अप्पा आंघोळ करून, कानाला रुमाल बांधून उभे होते. कपडे वाळत घालायच्या फिरत्या चक्रावर त्यांचा पंचा एका टोकानं बांधलेला होता आणि तो शेजाऱ्याच्या कुंपणाकडे थोडासा उडत होता.

“आडवा हाय जरा,” अप्पा म्हणाले. “पर जाऊन तर बसू.”